तळेगव्हाणच्या बांधावरची बोलणी

अकोला,
रविवार (बाजाराला सुट्टी)

आदरणीय जवाईबापू सूर्यभानजी यांस,

गोवर्धनचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा हात बेशरमीच्या झुडपाच्या चिकानं अजून खाजतो आहे, म्हणून तो जरा कमी जोडला गेला आहे. गैरसमज नसावा.) तिकडे धामणगावला तुमची कंबर कशी आहे? आम्ही तळेगव्हाणला निघालो त्याच दिवशी सकाळी ती नेमकी धरली आणि तुम्हाला आमच्याबरोबर येता आलं नाही, याचं फार वाईट वाटलं. त्याच दुपारी तुम्ही रेल्वे फाटकापाशी तुरीची पोती उतरवून घेताना दिसलात असं एक जण सांगत होता, पण मी त्याला म्हटलं, आमचे जवाई तसे नाहीत, तो दुसरा कोणी धडधाकट माणूस असेल. आमच्या बहिणीला, जमुनेला, आशीर्वाद सांगा. तिच्या गुडघ्यांना तीळतेल लावून शेक द्यायला सांगा. इकडे आमच्या घरची, कौशल्या, ठीक आहे. माझं काय आहे ते खाली येईलच.

फोन सोडून हा माणूस पत्र कशाला लिहीत बसला असं तुम्हाला वाटेल. तर माझा घसा बसला आहे. बसला म्हणजे पार मातीत गेला आहे. ज्या आवाजावर मी अकोल्याच्या भाजीबाजारात इतकी वर्षं हर्रास बोलतो (वांग्याच्या ढिगाशी मी बोली पुकारली की फाटकाबाहेरचा चहावाला झोपेतून उठतो) तो आवाज आता कोंबडीच्या पिलाएवढाही निघत नाही. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली आहे. आणि आवाज असता तरी फोन केला नसता, कारण तुमच्या घरी फोन आला की जमुना तो स्पीकरवर टाकते आणि शेजारपाजारच्या बाया भाजी निवडत ऐकतात. शिवाय तुम्ही जवाई. जवाईमाणसाला वाकडं बोलायची आपल्याकडे सोय नाही. म्हणून मी जे आहे ते सरळ लिहितो, वाकडं काय ते तुम्हीच करून घ्या.

तर तुम्ही सुचवलेल्या स्थळाविषयी. तुम्ही म्हणाला होतात, माणसं मोकळ्या बोलण्याची आहेत. जवाईबापू, तुमच्या या एका वाक्यासाठी तुमचा फोटो बाजारात लावायला हवा.

अपेक्षाच्या लग्नाचा माझ्या जिवाला किती घोर आहे हे तुमच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार? पोरगी बी.एस्सी. झाली, माती तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली, हातात चव आहे, डोक्यात हिशोब आहे. खोट काढायला जागा एकच, बोलताना जीभ अडते. आणि अडते तीही नेमकी स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षराशी. (नाव ठेवण्याचा मान आत्याचा. बारशाला बाया चांगली सोपी सोपी नावं सुचवत होत्या, तेव्हा जमुनेनंच हट्टानं ‘अपेक्षा’ ठेवलं. मी काही म्हणत नाही, पण ते ‘अ’ तिला आजही वाटेतल्या धोंड्यासारखं आडवं येतं.) मागचं मूर्तिजापूरकडचं स्थळ तुम्हाला आठवत असेल. त्यांनी नाव विचारलं. ती ‘अ... अ...’ करत राहिली, तेव्हा मी पटकन ‘अपेक्षा’ म्हणून टाकलं. तर ते म्हणे, तुम्ही नका सांगू, पोरीला सांगू द्या. पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, आणि त्यांच्यातला एक चष्मेवाला मिशीत हसला. आलुपोहे दोनदा मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप धाडला. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. त्या रात्री अपेक्षा जेवली नाही आणि सकाळी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं लॅबला गेली. हे पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती. म्हणून तुम्ही तळेगव्हाणचं नाव काढलं तेव्हा मी तुम्हाला एकच विचारलं होतं, की पोरीच्या बोलण्याचं त्यांना सांगितलं आहे ना? तुम्ही म्हणालात, सांगतो. सांगितलंत का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आता त्या लोकांची पद्धत पाहा. मुलाचे वडील पुंजारामजी यांचा फोन आला, की आधी तुम्हीच या, घरदार पाहा, आणि पोरीलाही संगं आणा. मागून मुलाची आजी, पार्बताबाई, ओरडून सांगत होती, “जिले राहाचं हाय तिले पाहू द्या ना बाप्पा!” पोरगी स्वतः उठून सासरचं घर पाहायला गेल्याचं मी आपल्या सात पिढ्यांत ऐकलं नाही. कौशल्या मात्र लगेच म्हणाली, बरोबर आहे त्यांचं. (कौशल्येला दुसऱ्यांच्या घरची म्हातारी नेहमीच बरोबर वाटते.)

सोयरीक जमवायला जायचं तर माणसानं माणसासारखं जावं, या मताचा मी आहे. ट्रॅव्हलर केली. भावकीतली वजनदार माणसं घेतली. मी कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र नेहरू शर्ट, पायजमा आणि वर गुलाबी फेटा, कौशल्या पिवळ्याधमक साडीत, आणि सगळ्यांना मिळून एक बाटली अत्तर. भातकुली सोडल्यावर ड्रायव्हरला म्हटलं, गाणी मोठ्यानं लाव, गावाला कळू दे की कोणी आलं आहे. गावाला कळलं. शाळेच्या भिंतीपाशी चार बायांनी रस्त्यात उभं राहून आधी आमची गाणी बंद करायला लावली आणि मग गाडीच बंद करायला लावली. स्वागताला हार नाही, टोपी-नारळ नाही. मातकट चादरींचा एक गठ्ठा! प्रत्येकानं एकेक अंगावर घ्यायची, कारण भडक रंग पाहून पाखरं उठतात. कौशल्येची नवी साडी अशी झाकली गेली की ती कोणाच्या नजरेलाही पडली नाही. (तिचं तिला काही वाटलं नाही, मला वाटलं. साडी मी घेतली होती.) माझ्या गुलाबी फेट्यावर तर पार्बताबाईंनी स्वतःच्या हातानं खताच्या गोणीचा अर्धा तुकडा गुंडाळला आणि लांबून न्याहाळून म्हणाल्या, “आता दिसले माणसात.”

मी म्हटलं, ठीक आहे, ओसरीवर बसू, चहापाणी होऊ द्या, बोलणीला लागू. तेव्हा कळलं की या गावात पाहुण्याला आधी पाणी देत नाहीत, दाखवतात. नवा सोयरा असो, साहेब असो, आधी तलाव पाहायचा, मगच घरात पाय ठेवायचा. बैलाला पाणी दाखवतात हे मला ठाऊक होतं. पण बैलाला निदान पिऊ देतात.

हा तलाव म्हणजे काय ते तुमच्यासाठी लिहितो, कारण तुम्ही तो पाहिला आहे म्हणून सांगितलं होतं आणि मला त्याचा आता दाट संशय आहे. सगळा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी वापरलं तर वरणात मीठ टाकायला नको, त्यात हा एक जुना गोड्या पाण्याचा तलाव. पूर्वी दरसाल त्याचा मासेमारीसाठी हर्रास व्हायचा. (हे ऐकून मला जरा बरं वाटलं.) मग ग्रामसभा भरवून गावानं हर्रास बंद केला (वाटलेलं बरं तिथेच संपलं) आणि स्वतःची तलाव समिती काढली. पुंजारामजी तिचे अध्यक्ष. घराघरानं आळीपाळीनं राखण करायची, ढोरं एकाच बाजूनं पाण्यावर न्यायची, हिवाळ्यात जाळं टाकायचं नाही. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण पाखरं असतील तोवर बांधावर कोणी एक शब्द बोलायचा नाही! जो बोलेल त्यानं तिथल्या तिथं चिखलात उतरून कवळभर बेशरम मुळासकट उपटायची. (तीच ती, नाल्याकाठी माजणारी जांभळ्या फुलांची झुडपं. उपटली नाहीत तर तलाव गिळून टाकतात म्हणे.) एका मोठ्या साहेबाचा मोबाईल वाजला तर साहेबानंही उपटली, हे पुंजारामजींनी मला अशा थाटात सांगितलं, की गावाला धरण मंजूर झालं असावं.

मला हिंडण्याफिरण्याचं काही कळत नाही असं समजू नका. सेमाडोहला आम्ही सहकुटुंब जाऊन आलो आहोत. वाघ तिथेही दिसला नाही. पण वाघ न दिसण्याचंही एक वजन असतं, चार लोकांत बसून सांगता येतं. बदक दिसलं नाही हे मी कोणाला सांगू? आणि दिसलं तरी कोणाला सांगू?

तर आम्हाला ओळीनं बांधावर नेलं. तिथे तुराट्यांचा एक लांब कूड उभा केला आहे, त्याला डोळ्यांच्या उंचीवर भोकं. याला ते लपण म्हणतात. शेतात डुकरांवर नजर ठेवायला आपण याहून बरा आडोसा करतो. त्यामागे गवताच्या पेंढ्यांवर आमची वजनदार भावकी बसवली, चादरी पांघरून, ओळीनं, तोंड मिटून. बोलणी म्हणजे बोलून करायची गोष्ट, हे मी त्यांना सांगणार होतो, पण सांगायचं तर बोलावं लागलं असतं. शेवटी मी खुणेवर आलो. दोन्ही हात लांब पसरून पुंजारामजींना विचारलं, शेती किती? त्यांनी आनंदानं मान हलवून मला एक भला मोठा बगळा दाखवला. मग मी हातानं पाणी ओतल्यासारखं करून विचारलं, त्यातलं ओलीत किती? त्यांनी काळजीनं माझ्याकडे पाहिलं, माझा दंड धरला आणि मला लघवीची जागा दाखवून आणली.

एकच दुर्बीण होती आणि ती हातोहात फिरत होती. माझ्याकडे आली तेव्हा त्यातून मला माझ्याच पापण्या दिसल्या. पाखरं होती, नाही असं नाही. सगळं पाणीच पाखरांनी भरलं होतं. पण पाखरं पाण्यावर बसणार नाहीत तर कुठे बसतील, यात दाखवण्यासारखं काय आहे? पलीकडच्या बाभळीखाली नारिंगी रंगाची चक्रवाकाची एक जोडी होती, ती मात्र जरा नीटनेटकी वाटली.

आणि आता मुलाचं ऐका. कुलदीप. कामधंदा काय, तर घरची शेती पाहतो आणि हिवाळ्यात आल्यागेल्याला पाखरं दाखवतो. अकोल्यात याला आम्ही रिकामा म्हणतो. बोलता येत नाही म्हणून या गावानं प्रत्येक पाखराची एक खूण केली आहे. शेकाट्याचे पाय लांब, तर दोन बोटं खाली सोडून चालवायची. चक्रवाक जोडीनं राहतात, तर दोन मुठी एकमेकींना चिकटवायच्या. कुलदीप लपणाच्या त्या टोकाला अपेक्षाला हे शिकवत होता. आणि जवाईबापू, पोरीचे हात असे भराभर चालत होते! त्यानं एक खूण करावी, हिनं पाण्यावरचं पाखरू शोधून उलट खूण करावी, तो हसला की हीही हसायची. परक्या माणसांत बसली की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसणारी आमची पोरगी. ते पाहून मला बरं वाटलं. मग लगेच भीती वाटली. कारण त्या दोघांच्या मागे पार्बताबाई काठी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांची नजर अपेक्षावरून हलत नव्हती.

पुढचं कळायला तुम्हाला आमच्या बाजाराची एक गोष्ट सांगावी लागेल. हर्रासाच्या वेळी एवढा गलका असतो की खरेदीदार तोंडानं बोलत नाहीत, हातानं बोलतात. माल पसंत असेल तर पंजा वर. आणि पंजा पालथा करून दोनदा खाली दाबला, की माल डागी आहे, आम्हाला नको, पुढच्या ढिगाकडे चला. ही खूण मी रोज पाहतो. शेतकऱ्याचं तोंड त्या वेळी कसं उतरतं तेही रोज पाहतो.

तर पार्बताबाईंनी अपेक्षाकडे पाहिलं, मग पुंजारामजींकडे पाहिलं, आणि हात पुढे करून पंजा पालथा केला आणि दोनदा खाली दाबला.

माझ्या डोळ्यांपुढे तो मिशीत हसणारा चष्मेवाला आला. मी कुठे आहे, डोक्यावर काय गुंडाळलं आहे, कशाचंही भान राहिलं नाही. उभा राहिलो आणि मी ओरडलो. बाजारात आजवर ओरडलो नव्हतो असा ओरडलो. “माझी पोरगी डागी नाही! एक नंबर आहे! एक नंबर!”

त्यानंतर काय झालं ते लिहायला मला फारसं आवडत नाही. सगळा तलाव उठला. आधी एक फडफड झाली आणि मग एवढा मोठा आवाज आला की मला वाटलं बांध फुटला. डोक्यावरून पाखरंच पाखरं गेली. वजनदार भावकी गवतात आडवी झाली. ती नारिंगी जोडीही उठली, एक वाकडा गोल घेतला आणि पेढी नदीच्या अंगाला निघून गेली. खाली नुसतं पाणी उरलं. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं, आणि नियम म्हणजे नियम, कोणी मला एक शिवीही देऊ शकत नव्हतं. त्यापेक्षा दिली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा अपेक्षा उभी राहिली. “बाबा,” म्हणाली. मग “ट” म्हणाली, आणि तिथे अडली. घरी असतो तर मी लगेच टमाटर, टोपली, टेबल असं काय ते विचारून तिला मोकळं केलं असतं. तोंड उघडलंही, तर पार्बताबाईंच्या काठीचं टोक माझ्या छातीला येऊन टेकलं. कुलदीप तिच्याकडे तोंड करून उभा, घाई नाही की कीव नाही, पाखरू वर यायची वाट पाहतात तसा. ती अडली, थांबली, दम घेतला, पुन्हा अडली. मला वाटलं आता रडेल. नाही रडली. तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला, मध्ये कोणी बोललं नाही, आणि शेवटी ती म्हणाली, “टिबुकली होय ते, बाबा. पाण्यात बुडी मारते, म्हणून हात पालथा. आजीनं मले टिबुकली दाखवली.”

एवढं सगळं तिनं परक्यांसमोर सलग बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. हसावं की रडावं मला कळेना, म्हणून मी रागावलो.

पार्बताबाईंनी काठी माझ्या छातीवरून काढून बेशरमीकडे दाखवली. मग तीच काठी त्यांनी अपेक्षाकडे केली आणि पुन्हा बेशरमीकडे दाखवली. पाहा म्हणजे! पाहुणी पोरगी, लग्नाची बोलणी चाललेली, अंगावर नवे कपडे, त्यात तिचं बोलणं असं. तिला आजवर सगळ्यांनी सूट दिली आहे. शाळेत कविता न म्हणायची सूट, कॉलेजात तोंडी परीक्षेतून सूट, घरात फोन न उचलायची सूट. तळेगव्हाणनं दिली नाही. बोललीस ना, मग उपट. आणि ही बया पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून अशा आनंदानं चिखलात उतरली, की लॅबच्या नोकरीचा निकाल लागला तेव्हाही मी तिचं तोंड एवढं फुललेलं पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं उपटायला लागलो तोच बांधावरून कुलदीप मोठ्यानं म्हणाला, “मी बी येतो.” तो आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. मुद्दाम बोलला, म्हणजे त्यालाही उतरावं लागेल. अकोल्यात याला आम्ही मूर्ख म्हणतो.

माझ्या पांढऱ्या कपड्यांचं काय झालं ते धोब्याला विचारा, त्यानं हात टेकले आहेत. मी दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा घसरलो तेव्हा अपेक्षा आणि तो रिकामा मुलगा दोघं मिळून मला उठवत होते आणि दोघंही हसत होते. बेशरमीचा चीक हाताला लागला तो अजून खाजतो आहे.

मग ओसरीवर जेवण. पानगे, वांग्याची भाजी, वर तूप. (भाजी बरी होती. वांगी आमच्याच बाजारातून गेलेली असणार.) बांधावर मुकी बसणारी पार्बताबाई घरात पाय ठेवल्यापासून बोलायला लागली ती आमची गाडी सुटेपर्यंत थांबली नाही, आणि माझा घसा तोवर पार गेला होता, म्हणजे बोलणीचं तिथेही जमलं नाही. निघताना मी हात जोडून, घशातून जे काही निघालं त्यात विचारलं, मग काय समजायचं आम्ही? तर म्हातारी म्हणाली, “पोरगी आमाले समजली. तुमीच नाही समजले.” आणि वर म्हणाली, “सोयरे आले अन् पाखरं उठली, असं कधी झालं नाही बाप्पा. ते परत बसू द्या, मंग सांगतो.” म्हणजे माझ्या पोरीचं लग्न बदकांच्या हातात! ना होकार ना नकार, आणि पुंजारामजी, तलाव समितीचे अध्यक्ष, आईच्या मागे उभे राहून मान हलवतात.

तेव्हा जवाईबापू, या सगळ्याचा विचार करून मी ठरवलं आहे, की हे स्थळ आम्हाला पसंत नाही. ज्या गावाला पाहुण्याची किंमत नाही, फेट्याची नाही, हर्रासाची नाही, जिथे म्हातारीचं चालतं आणि म्हातारीचं पाखरांपुढे चालत नाही, तिथे पोरगी देण्यापेक्षा ती आमच्या घरात सुखी आहे. तुम्ही मध्यस्थ आहात, तेव्हा आमचा नकार त्यांना तुमच्या गोड शब्दांत कळवावा. पुढचं स्थळ सुचवताना कृपया माणसं दाखवणारं सुचवावं.

कंबरेला जपा, तुरीला भाव चांगला आहे.

जवाईमाणसाला कधीही वाकडं न बोलणारा,
गोवर्धन

ता. क. वरचा नकार इतक्यात कळवू नये. तो मी रागाच्या भरात लिहिला आहे आणि पान खराब दिसेल म्हणून खोडला नाही. हे पत्र जमुनेला मोठ्यानं वाचून दाखवू नये, बारशाच्या भागावरून ती रुसेल.

ता. क. २. खरं म्हणजे हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. आम्ही परत आल्यापासून तळेगव्हाणहून काही निरोप नाही. अपेक्षा काही बोलत नाही, पण भाकरी थापता थापता मध्येच तिच्या दोन मुठी एकमेकींना चिकटतात, आणि कोणी पाहिलं तर सुटतात. कौशल्या माझ्याकडे पाहते, मी भिंतीकडे पाहतो. पाखरं नाही बसली तर ती माझ्या ओरडण्यानं नाही बसली, हे मला कोणी सांगायला नको. म्हणून तुमच्या पाया पडून विनंती (तुम्ही जवाई, तेव्हा तसाही पडतोच). तुरीचं निमित्त करून एकदा तळेगव्हाणला जाऊन या. बांधावर जाऊन पाहा, बसली का. पलीकडच्या बाभळीखाली नारिंगी रंगाची जोडी आहे का, ते मुख्य. तो तुमचा पोपटी शर्ट घालू नका. आणि देवासाठी तिथे बोलू नका.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात फोन वाजला. कुलदीपचा आहे. अपेक्षानं स्वतः उचलला (आमच्या घरात आजवर तिनं कधी फोन उचललेला नाही) आणि अंगणात तुळशीपाशी जाऊन बोलते आहे. बोलते म्हणजे सध्या अडली आहे. पलीकडून तो मध्ये काही बोलत नसावा, कारण ती घाबरलेली दिसत नाही. मी खिडकीशी बसून हे लिहितो आहे. तुम्हाला म्हणून सांगतो, वर काहीही लिहिलं असलं तरी माझा आवाज परवाच परत आला. घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही. आला असं कळलं की मी लगेच मध्ये बोलायला लागेन, म्हणून राहू दिला आहे.

आता तिनं फोन ठेवला आणि आत आली आहे. माझ्यासमोर उभी आहे. “बाबा, प...” म्हणाली आणि थांबली. कौशल्या पोळपाट सोडून दारात आली आहे. मला काय काय विचारावंसं वाटतं आहे ते तुम्हाला कळणार नाही. मी तोंड मिटून लिहितो आहे. लिहीतच राहणार. तिला लागू दे वेळ.

म्हणाली. “पाखरं बसली, बाबा.” ती जोडीही आली आहे, आणि म्हातारीचा होकारही.

तेव्हा तुम्ही आता जाऊ नका, थेट लग्नालाच या. मुहूर्त उन्हाळ्याचा धरावा असं माझ्या मनात होतं, पण अपेक्षा म्हणते, तिला आणि त्या मुलाला लग्न पाखरं असतानाच हवं आहे, आणि तेही बांधावर. तिथे मंगलाष्टकं म्हणायची तर ज्यानं म्हटली त्याला उपटावी लागेल, आणि मी तर म्हणणारच. मध्यस्थ म्हणून पोरीच्या मामाशेजारी तुम्ही उभे राहणार, तेव्हा तुम्हीही सुटत नाही. जुना पायजमा घेऊन या. मी माझा काढून ठेवला आहे.